अर्धा मिलिमीटर

बातमी आहे : नवा फोन
जुन्यापेक्षा अर्धा मिलिमीटर बारीक.
अभिनंदन.
लॅमिंग्टन रोडला, जिन्याखालच्या माझ्या गाळ्यात
मीही सव्वीस वर्षं पोट आत ओढून शिरतोय,
मला नाही कुणी टाळ्या वाजवल्या.

आणि बारीक कसला? कॅमेरा बघा,
पाठीवर गळू आल्यासारखा वर आलाय.
टेबलावर ठेवला की डुगडुगतो
कोर्टाबाहेरच्या टायपिस्टच्या टेबलासारखा.
खाली कागदाची घडी घाला, म्हटलं,
तेवढी एकच गोष्ट त्यांनी अजून
वेगळी विकायला काढलेली नाही.

चार्जर खोक्यात नाही. का, तर पृथ्वी वाचवायची आहे.
बरं.
मग चार्जर वेगळ्या खोक्यात, त्या खोक्यात आणखी एक खोकं,
अडीच हजार रुपये.
पृथ्वीचं ठाऊक नाही,
आमचा रद्दीवाला घनश्याम मात्र वाचला.

समोर फूटपाथवर ओवेस कव्हरं विकतो.
लाखाचा फोन घेतलेला माणूस
दीडशेच्या कव्हरसाठी त्याच्याशी अर्धा तास घासतो.
"काच फुटायची एवढी भीती वाटते, दादा,
तर काचेचा बनवतात कशाला?"
मंचावर काळा टी-शर्ट घालून फिरणाऱ्यांपैकी
याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

परवा परळच्या टॉवरातून वाघधरे बाई आल्या.
त्यांचा फ्रिज म्हणे अपडेट मागतो.
"दूध नासलं तर गप्प बसतो मेला,
पण माझा पासवर्ड कमकुवत आहे हे
पाहुण्यांसमोर सांगतो."
मी म्हटलं, बंद करून चालू करा.
एवढ्या वर्षांत एवढाच मंत्र टिकला,
बाकी किती प्रोसेसर आले, किती गेले.

दाराब अंकल मात्र हुशार.
घोड्यांचे तक्ते लिहायला वीस वर्षांपूर्वीचा डबा वापरतात,
पंखा लावला की गिरणी सुरू झाल्यासारखा आवाज.
नेट? नाही. अपडेट? नाही.
"डिकरा, हेकर आला तर बिचारा
आत शिरून करणार काय?
माझेच घोडे हरतात, तो पण हरेल."

आता फोनलाच अक्कल आली आहे, अशी बातमी.
असेल. मी रोज पोटं उघडतो त्यांची,
हल्ली जरा निरखून बघतो, कुठे ठेवली आहे ती.
सापडते फुगलेली बॅटरी,
खिशातली लोकर,
एकदा गुलाबजामचा पाक.

पण एक सांगतो, हसू नका.
सासऱ्यांच्या कुडाळच्या दोन कलमांवरून
मेव्हण्याशी सहा वर्षं अबोला.
दसऱ्याला त्याच्या फोनने मला शुभेच्छा पाठवल्या,
त्याने नव्हे, फोनने, सगळ्यांना पाठवल्या तशा.
माझ्या फोनने खाली तीन उत्तरं तयार ठेवली :
धन्यवाद. तुम्हालाही. भेटूया का?
अंगठ्याला फ्लक्स लागलेला,
घसरला, तिसऱ्यावर पडला.
तिकडून लगेच : नक्की! रविवारी?
हे तो बोलला की त्याचा फोन,
देव जाणे.
दोन यंत्रांनी परस्पर ठरवलं,
आणि बायको सरंगा आणायला निघाली.

आला. जाड झालाय.
कलमांचं नाव त्याने काढलं नाही, मी काढलं नाही.
सरंग्याचं डोकं त्याला वाढलं.
निघताना चपला घालता घालता
खिशातून फोन काढला, स्क्रीनला आडवा तडा.
"बघ ना जरा. घरचा भाव लाव."

लावला.
म्हटलं, एक कलम.