अकरा ओळी

वाल्दिव्हियात रात्रीचे दोन.
मासळीबाजाराच्या फळ्यांखाली समुद्रसिंह
झोपेतही एकमेकांवर खेकसताहेत.
इस्मेनिया चुलीत ओलसर ढलपी सारते
(धूर आधी, ऊब सावकाश)
आणि टर्मिनलला पुन्हा तोच आदेश देते.

एक हजार एकशे बारा पॅकेजेस.
तिनं बोलावलेली फक्त नऊ.
बाकीची पाहुण्यांचे पाहुणे,
कुणाच्या तरी ओळखीनं आत शिरलेली,
कोपऱ्यात पाय पसरून बसलेली.

कंपायलर तिचा लहानसाच.
नवी जावास्क्रिप्ट जुन्या ब्राउझरांना कळेल
अशी करून देतो, बस्स.
कुठल्या बेटावरच्या दवाखान्याचा फॉर्म,
कुठल्या बोटीचं वेळापत्रक,
कुणाच्या शाळेचा निकाल
त्याच्यातून जातो.
हे तिला कुणी कळवत नाही.
बिघडलं की कळवतात.

आज पार्सर सहावरून सातवर न्यायचा होता.
संध्याकाळी त्रेचाळीस टेस्ट लाल,
मध्यरात्री दोन.
झोपायला हरकत नव्हती.
पण ती लॉकफाइल उघडते,
जी कुणीच वाचत नाही,
आणि ओळीओळीवर बोट ठेवत जाते,
बाप नावेच्या फळीवर हात फिरवतो तशी.

तिथं, आठशे चाळीसच्या आसपास,
एक चिमुकलं पॅकेज.
काम एकच: ओळीच्या सुरुवातीच्या
रिकाम्या जागा मोजणं.
मारिबोरच्या मातेव्झनं लिहिलेलं, अकरा ओळी,
आठ वर्षं जसंच्या तसं.
आणि या मंगळवारी अचानक नवी आवृत्ती.
मालकाच्या जागी तीन अक्षरं आणि एक आकडा.
खाली एक स्क्रिप्ट, बसवल्या बसवल्या धावणारी,
घरभर किल्ल्या शोधणारी.

रिकाम्या जागा मोजणाऱ्याला
किल्ल्या कशाला लागतात?

ती वायर उपटते.
हात थरथरतात, पण क्रम चुकत नाही:
दुसऱ्या यंत्रावरून जुन्या किल्ल्या रद्द,
नव्या घडव,
आवृत्ती मागं आण, तिथंच खिळव,
बाकीच्यांना सावध कर.
आजच बसवलं होतं का आपण? नाही.
मंगळवारी? नाही.
दोनदा तपासते. तिसऱ्यांदाही.

मग मातेव्झचा जुना इतिहास चाळते.
शेवटची नोंद त्याच्या हातची:
"मुलगी झाली. झोप नाही. टॅबचं मोजणं दुरुस्त केलं."
त्यानंतर कुणीतरी गोड लिहिलंय, तीनदा:
तुम्ही दमला असाल, मी सांभाळू का?
त्यानं देऊन टाकलं.
सुटल्यासारखं वाटलं असेल त्याला.
तिला राग येता येता येत नाही,
कारण तिच्याही पेटीत मे महिन्यापासून
असंच एक पत्र पडून आहे.
तेच शब्द. तीच माया.

सकाळी बाल्दोविनो धक्क्यावर
नावेच्या फटीत आलेर्सेच्या सालीचा काथ्या ठोकत होता.
तिनं सांगितलं, जमेल तेवढं सोपं करून.
म्हणाली, परक्यांचं काही वापरायलाच नको.
म्हातारा हसला, तोंडातले खिळे न काढता.
"हे खिळे काय मी पाडले?
परक्याचेच असतात सगळे.
ठोकण्याआधी एकेक वाकवून बघायचा."

घरी येऊन तिनं त्या अकरा ओळी
स्वतःच्या हातानं लिहिल्या. नऊच झाल्या.
खूश झाली.
मग टॅबवर घसरली,
आणि मातेव्झच्या त्या दोन ओळी
गुपचूप परत आणल्या.
वर टिपणीत त्याचं नाव.

मे महिन्यातलं पत्र उघडलं.
चोर असेल. नसेलही.
आठ वर्षांनी आपल्यालाही
कुणीतरी लागणारच.
उत्तर लिहिलं:
"दोन टेस्ट अजून लाल आहेत. तिथून सुरू कर.
मी प्रत्येक ओळ वाचेन.
किल्ल्यांचं नंतर बघू."

पाठवलं नाही लगेच.
चुलीत आणखी एक ढलपी सारली,
तीही ओलीच निघाली.