काचघराची वही

तलावाच्या पाळीखाली, मच्छीमार सोसायटीच्या जुन्या गोदामात
सात टाक्या. तिकीट पाच रुपये, शाळेच्या लेकरांना फुकट.
वही माझ्याकडे.
पाणी किती आलं, किती गेलं, कुठं गेलं.

मरळींच्या टाकीतलं पाणी सोमवारी काढते.
ते आधी रेतीतून, मग कोळशातून,
मग मधल्या टाकीत बोटरींना,
आणि उरलेलं, हिरवं, वास मारणारं,
मागच्या वांग्यांना.
वांग्यांचा लिलाव होतो.
गेल्या साली मुकिंदा डिघोरेनं नऊशेला घेतली
अन् म्हणाला, वांग्याले मासोळीचा वास येते.
खोटं आहे. मी खाल्लीत.

लाइन गेली की
हवेचा पंप थांबतो, बुडबुडे थांबतात,
मासे वर येऊन तोंडं उघडझाप करतात
पंगत उठायची वाट पाहणाऱ्या पाहुण्यांसारखे.
मग लोटा घ्यायचा,
पाणी उचलायचं, उंचावरून ओतायचं,
उचलायचं, ओतायचं.
एकदा पावणेतीन तास.
वहीत त्याचा रकाना नाही.

मे महिन्यात गावच्या नळाला चौथ्या दिवशी पाणी.
फुलवंता रिकामा गुंड घेऊन दारात उभी:
"मासोळ्यायले रोज, अन् आमाले चौथ्या दिवशी?"
मी वही उघडून दाखवली.
तिला वाचता येतं. तिनं वाचलं नाही.
काचेकडे बघत राहिली.

त्या रात्री सभा. चार टाक्या बंद.
माझं मत विरुद्ध होतं, तेही लिहून ठेवलंय.
पहाटे गुंडांतून मासे तलावात नेले,
मांडीपर्यंत गाळात उभी राहून
गुंड हळूच कलता केला.
दाडक लगेच गेली.
मुरक्या मात्र आतच फिरत राहिला,
काचेचा कोपरा शोधत.

हे मासे विकतचे नाहीत, उसने आहेत.
तलाव भरला की जाळं टाकून
तेवढेच परत आणायचे,
गाभोळीवरची मादी सोडून.
हा नियम माझ्या सासऱ्याचा,
ज्यानं जन्मात दुसरा एकही नियम पाळला नाही.

आता फुलवंताचा नातू रोज येतो,
वाळलेल्या टाकीसमोर मांडी घालून बसतो.
"यातला कुठं गेला जी?"
घरी गेला.
"मंग येईल का?"

आजची नोंद:
आलं, दोनशे दहा लिटर.
वांग्यांना, साठ.
फुलवंताला, दोन गुंड.
रकाना नव्हता.
पट्टी सापडेना, तुराटीच्या काडीनं आखला.