पंगत

फिन्मार्कच्या पठारावर, तंबूत
जनरेटर धापा टाकतोय.
बाहेर उणे एकतीस.

"चारी एकदम लाव," आन्ते म्हणतो,
"पंगत एकदाच उठेल."
"उठेल, पहाटे तीनला.
तोवर सगळ्या अर्धपोटी."

रिस्तेन एकच बॅटरी लावते.
उरलेल्या तिन्ही कोटात, पोटाशी;
गारठलेली बॅटरी वीज गिळत नाही.

पहिला दिवा लागतो.
दुसरा अडून बसतो.

दरीपलीकडे कुठेतरी
बापाची बर्फगाडी बंद पडलीय,
रेनडियरांच्या घंटाही ऐकू येत नाहीत.

चौथा दिवा.
कागदावर अठ्ठावीस मिनिटांचं उड्डाण,
या थंडीत सतरा.

ड्रोन काळोखात चढतो.
ती पडद्यावरून नजर काढत नाही.
आन्ते काही न बोलता
तिच्या कोटातून दुसरी काढतो,
कोमट,
आणि लावतो.
एकच.