टीप-रकाना

दुसऱ्या सत्रात शिकलो ते सॉफ्टवेअर
चौथ्यात जुनं झालं.
सर म्हणाले, नवं उतरवून घ्या.
तेवढ्यात वायफाय गेलं.

सांगलीत, वखारभागातल्या वाचनालयात
मी बारकोड चिकटवतेय,
मुजावरमामा पुस्तकं पुसून देतायत.
एकावर हळदीचा अंगठा,
यार्डातल्या कुणा तोलाराचा असेल,
नेमका स्टिकरच्या जागी.

"पुसू?"

स्टिकर बोटभर खाली घेतला.
पाचशे नंबरच्या रकान्यात टंकलं:
मुखपृष्ठावर हळदीचा ठसा. वाचक अज्ञात.
स्कॅनर टिंग करून गप्प.

पुढच्या वर्षी तिसरं सॉफ्टवेअर येणार.
सगळा डेटा तिकडे जाईल म्हणतात,
टीपांचं बघू.

मामांनी ते पुस्तक
खिडकीपासून लांबच्या फळीवर सरकवलं.
हळद उन्हानं उडते गं, म्हणाले.