पुसून न जाणारं

आधी वाटलं, सूत उडून बसलंय.
टॉवेलच्या मागावर बावीस वर्षं,
पापणीवर, कानात, डब्यातल्या वरणावर पांढरी भुरी,
मग गालाच्या आत का नसेल?

भूदेवीनं ओल्या फडक्याचं टोक बोटाला गुंडाळलं,
मला दारात उजेडाकडं तोंड करून बसवलं
आणि घासलं.
"जाईना की," म्हणाली.
मग आमच्या तेलुगूत काहीतरी,
जे ती फक्त देवाशी बोलते.

सिव्हिलात शीलवंत मॅडमनी तेच केलं, बोळ्यानं.
"पुसून जात नाही, म्हणून तर त्याला नाव आहे."
नाव लांब होतं. मी 'पांढरा चट्टा' एवढंच घरी आणलं.
पट्टी लावली: अठरा मिलिमीटर, अकरा.
डाव्या गालात, बरोबर तिथं,
जिथं सकाळच्या पाळीपासून चिमूट मुक्कामाला असते.

मग तुकडा काढला.
व्यापाऱ्याला नमुना पाठवतो आम्ही, तसा,
बाटलीत, वर चिठ्ठी: येमूल अंबादास, ४६.
सेकंड माल किती निघाला माझ्या हातून, मला ठाऊक आहे.
तपासणारा बोट फिरवतो, थांबतो, खडूनं गोल करतो.
नऊ दिवस मी त्या गोलात झोपलो.

"कॅन्सर नाही."
मी उठलोच.
"बसा. नाही म्हणजे, अजून नाही."

लेझर लावला तेव्हा वास ओळखीचा निघाला,
कापडावरची लव जाळतात तो.
कडक भाकरी बंद, शेंगाचटणी बंद,
दूधभातावर पंधरा दिवस, लेकरासारखा.
रात्रपाळीला मल्लेशमनं तळहात पुढं केला,
"घे बे, एवढ्यानं काय होतंय."
खोटं कशाला बोलू, दोनदा घेतली.
उजव्या गालात.

दर तीन महिन्यांनी मॅडम आरसा घालून बघतात.
मागच्या खेपेला उजवीकडं जरा जास्त वेळ थांबल्या.
काही बोलल्या नाहीत.
त्या दिवशी अशोक चौकापर्यंत चालत आलो
आणि चुन्याची डबी गटारात सोडली.

"घरात तंबाखू आणूच नका," त्या म्हणतात.
मी मान हलवतो.
घरी भूदेवीच्या मांडीवर सूप,
सुपात तंबाखू, हजार विड्या रोजच्या,
त्यावर थोरलीची फी.
हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

संध्याकाळी ती हात धुते, दोनदा, साबणानं,
मोबाईलचा उजेड पाडते,
"आ कर."
आत नवं कापड चढतंय, गुलाबी, पातळ.
विणणारा मी नाही.
मी नुसता तोंड उघडून बसतो
आणि ती बघते, धागा कुठं तुटलाय का.