ही बाजू वर

आमच्या घराचं दार पाइनचं आहे.
हे नाव मला फार उशिरा कळलं.
बाभळी आणि कडुलिंबाच्या या गावात
नान्ना त्याला नुसतं पांढरं लाकूड म्हणायचे.

अक्कलकोट रोडवरच्या चात्यांच्या कारखान्यात
समुद्रापलीकडून यंत्रं यायची, खोक्यांत.
यंत्रं कंपनीची.
खोकी, ज्याच्या नावाची चिठ्ठी निघेल त्याची;
चार रुपये पगारातून वजा.

गल्लीतले माळे, मोऱ्यांची दारं,
सत्तव्वा कोडमचा पाळणा,
अम्माच्या विड्यांच्या सुपाखालचा पाट,
सगळ्यांवर काळ्या शाईत हांबुर्ग,
एक उभा बाण
आणि नाजूक मानेचा एक पेला.
पेला कशाला, मी विचारायची.
"आत फुटण्यासारखं काहीतरी आहे म्हणून!"
नान्ना ओरडून सांगायचे. सगळंच ओरडून सांगायचे.
एकोणीस वर्षं त्या घरघरीत उभं राहिल्यावर
घरातल्या शांततेतही
त्यांना आवाज चढवावाच लागे.

उजवी करंगळी अर्ध्यावर संपते.
तिचे पैसे आले होते, साहेबाच्या सहीनिशी.
त्यातून माझी कॉलेजची फी, आणि छताचा पंखा.
खोटं कशाला बोलू,
पंखा अजून फिरतो.

पाळणा सुताराने घाईत ठोकला होता,
बाण आडवा, रस्त्याकडे तोंड करून.
त्यात झोपलेली तिन्ही पोरं भिवंडीला, सुरतेला, पुण्याला गेली.
सत्तव्वा कंपनीला नाही,
त्या बाणालाच शिव्या देते.

मग एका मार्चमध्ये यंत्रं परत खोक्यांत गेली.
आमच्याहून स्वस्त माणसं मिळाली होती कुठेतरी.
या वेळी खोकी इथली, आंब्याच्या फळ्यांची,
आणि ती ठोकायला नान्नाच,
तीन महिने, ओव्हरटाइमसकट.
तोच बाण त्यांनी रंगवला, तोच पेला.
आणि झाकण बसवण्याआधी
आतल्या बाजूला, सुतारी पेन्सिलीने, तेलुगूत
काहीतरी लिहिलं.

काय लिहिलंत, अम्माने रात्री विचारलं,
तंबाखूचे हात पदराला पुसत.
"आपला पत्ता!"
अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं.
"घर नंबर, पिन कोड, सगळं.
तिकडेही कुणीतरी त्याचं दार करील की!"

पत्र आलेलं नाही.
तेलुगू वाचणारं तिकडे कोण असणार,
हे मी त्यांना सांगत नाही. सांगायचं तर मलाही ओरडावं लागेल.

पारा चव्वेचाळीसला टेकला
की दाराच्या गाठीतून अजून डिंक सुटतो,
आमच्याकडच्या कुठल्याच झाडासारखा न येणारा वास.
दुपारी नान्ना दार लोटून घेतात
आणि त्यालाच पाठ टेकून बसतात.
पोस्टमनने कडी वाजवली तर
कानांना नाही कळणार,
पाठीला कळेल.