बारा आणे

मला नावं राहत नाहीत. सायकली राहतात.
प्रबोधिनीच्या आवारात माझी पत्र्याची शेड होती.
शिक्षा म्हणून पोरं सायकल डोक्यावर धरून पळायची,
धडपडायची, मग रडवेली होऊन माझ्याकडे –
कुणाचा हँडल वाकडा, कुणाच्या तारा तुटलेल्या,
अन् सगळ्यांना घाई एकच:
पाच मिनिटांत द्या काका, फॉलिन आहे.

परवा त्यांतल्याच एका कोर्सचा मेळावा झाला. चाळीस वर्षांनी.
डिसेंबरचं धुकं अजून खडकवासल्याच्या पाण्यावर बसलेलं
आणि साठ म्हातारे, सगळ्यांना एकच पिवळा टी-शर्ट,
पोटावर ताणलेली कोर्सची अक्षरं.
किलोमीटरमागे शंभर रुपये,
व्याह्यांकडून, जावयांकडून कबूल करून घेतलेले.
निधीसाठी.
मला बोलावलं हवा भरायला.
मानधन देतो म्हणाले. चहा द्या म्हटलं.

एक एअर मार्शल सीट वर करून घ्यायला आला.
"साहेब, डाव्या पायावरच जोर देता अजून."
तो चपापला, हसला,
तेवढ्यापुरता अठरा वर्षांचा झाला,
मग दांडीवरून पाय टाकताना बायकोचा खांदा धरला.

संध्याकाळी हिरवळीवर लिलाव.
माईकवर ब्रिगेडियर सुभेदार
(सुभेदार हे आडनाव, हुद्दा नव्हे; जन्मभर सांगत आला बिचारा).
एक तैलचित्र गेलं, एक तलवार गेली, व्हिस्कीची पेटी गेली,
मग सायकल आणली.
काळी. मागच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगात ३१७.

ती माझ्या तुळईला टांगलेली होती.
पंक्चर काढून ठेवलं, पोरगा न्यायला आलाच नाही.
दुसऱ्या दिवशी घोड्यानं पाडला त्याला.
कंबरेखालचं सगळं गेलं.
पासिंग आउटला अकरा आठवडे होते.
डॉक्टरांच्या बोर्डानं एक कागद केला,
बापानं भाड्याच्या मेटॅडोरमध्ये आडवा घालून बेळगावला नेला.
सैन्यात गेलाच नाही, म्हणून पेन्शन नाही.
"जुनी सायकल आहे का एखादी, शोभेला?" विचारलं कमिटीनं,
दिली मी. नंबराचं बोललो नाही.

चाळीस हजार, कुणी म्हटलं.
साठ. पंचाऐंशी.
मला सांगावंसं वाटत होतं, फ्रीव्हील जाम आहे हो तिचं.
एक लाख दहा, एअर मार्शल.
"आपल्या अशा मित्रांसाठी," सुभेदार म्हणत होते,
"जे अंतिम पगापर्यंत पोचू शकले नाहीत –"
टाळ्या.
सातव्या टेबलावर व्हीलचेअरमधल्या माणसानं हात वर केला.
आभार मानतोय असं वाटून टाळ्या वाढल्या.

"बारा आणे," तो म्हणाला.

लोक हसले. मग थोडे कमी हसले.
"सायकल माझीच हाय की ही.
पंक्चरचे बारा आणे तेवढे द्यायचे ऱ्हायलेत.
ते काका. तिकडं, पंप घेऊन उभे हायेत."

हुक्केरी. इराप्पा हुक्केरी.
हे एक नाव होतं माझ्याकडे, कुठंतरी आत, गंजलेलं.

सुभेदारांची हातोडी वरच राहिली.
एअर मार्शल उठले, एक लाख दहाचा चेक पेटीत टाकला,
आणि सायकल ढकलत सातव्या टेबलाशी नेऊन लावली,
स्टँड तुटका म्हणून खुर्चीला टेकवून.
बोललं कुणीच काही नाही.
वेटर सूप घेऊन आला तेव्हा बरं वाटलं.

त्यानं मला रुपया दिला.
चार आणे परत द्यायला खिसे चाचपले मी,
आणि आठवलं, चार आणे आता सरकारातच नाहीत.

सकाळी निघताना त्याच्या खुर्चीचं उजवं चाक कुरकुरत होतं.
दोन थेंब तेल घातलं, फिरवून पाहिलं,
"फिटले चार आणे," म्हटलं.
"न्हाई," तो म्हणाला. "तेलाचे वेगळे.
लिहून ठेवा."

वही कधीच फेकून दिलीये मी.
शेडच्या दारावर खडूनं लिहिलंय.